सहाव्या डावाचे वाचन

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी बोरिस स्पास्की यांचे निधन झाले. त्यानंतरच्या दोन दिवसांत आम्ही जे मृत्युलेख वाचले, त्यांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येत होता. १९७२ साली रेक्याविक येथे जगज्जेतेपदाच्या सामन्यातील सहावा डाव हरल्यावर स्पास्कीने प्रेक्षकांच्या टाळ्यांत आपल्या टाळ्या मिसळल्या. टाळ्या त्याला हरवणाऱ्या बॉबी फिशरसाठी होत्या. प्राध्यापक-कक्षात तो मजकूर आम्ही दोघांनी वाचला, एकमेकांकडे पाहिले आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. जेमतेम महिन्यापूर्वी अशीच टाळी वाजवण्याची वेळ आमच्यावर आली होती, आणि आमचे हात मांडीवरून उचलले गेले नव्हते.

त्या प्रसंगाकडे पुढे येऊच. आधी डावाविषयी.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही हा डाव अभ्यासायला घेतला. आम्ही मराठीचे अध्यापक. बुद्धिबळातले आमचे शिक्षण यथातथाच. आमच्यापैकी एकाला आजोळी मामाने खेळ शिकवला, तोही देशी पद्धतीचा, ज्यात प्यादे एकेकच घर पुढे सरकायचे. दुसरा वसतिगृहात, परीक्षेच्या आदल्या रात्री जागे राहण्याचे निमित्त म्हणून शिकला. जिमखान्यातून एक जुना पट आणला. त्यातला एक काळा उंट हरवला होता, त्याच्या जागी खोडरबर ठेवले. नियम एकच केला: दर संध्याकाळी पाचच खेळ्या. एकेचाळीस खेळ्यांचा हा डाव यंत्रावर मिनिटभरात पाहून होतो, आणि प्रत्येक खेळीची किंमत आकड्यांत सांगणारे संगणकही आज कोणाच्याही खिशात आहेत. आम्ही संगणक दूर ठेवला. विद्यार्थी कविता वाचण्याआधी मार्गदर्शिका उघडतात म्हणून आम्ही वर्षानुवर्षे त्यांना बोलतो. निदान इथे तरी आपण तसे करू नये, असे वाटले. डावाला नऊ संध्याकाळी लागल्या.

*

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. सामन्याचा पहिला डाव फिशर हरला. दुसऱ्या डावाला तो आलाच नाही. खेळ सुरू होतो न होतो तोच स्पास्की दोन गुणांनी पुढे गेला. शिवाय तोवर फिशरने त्याला एकदाही हरवलेले नव्हते. तिसरा डाव फिशरच्या हट्टामुळे प्रेक्षकांपासून दूर, आतल्या एका खोलीत झाला आणि तो फिशरने जिंकला. चौथा बरोबरीत सुटला, पाचवा पुन्हा फिशरने जिंकला. २३ जुलै रोजी दोघे सहाव्या डावाला बसले तेव्हा गुण अडीच-अडीच असे समान होते. पांढरी मोहरी फिशरकडे होती.

फिशर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळू लागला की राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकणार, हे जवळजवळ ठरलेले असे. चौथ्या डावातही त्याने तेच केले होते. सहाव्या डावात मात्र त्याने वजिराच्या बाजूच्या उंटासमोरचे प्यादे उचलून सी-४ वर ठेवले. जन्मभर एका घराण्यात गायलेल्या गवयाने ऐन मैफलीत दुसऱ्या घराण्याची चीज सुरू करावी, तसे हे होते. काळ्याने ई-६ खेळले. मग पांढऱ्याचा घोडा एफ-३ वर, काळ्याचे प्यादे डी-५ वर, पांढऱ्याचे डी-४ वर. आणि तीन खेळ्यांत आपण एका जुन्या, सुप्रसिद्ध दालनात येऊन पोहोचतो. याचे नाव क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. पांढरा आपले एक प्यादे देऊ करतो आणि काळा ते नम्रपणे नाकारतो. आत येण्याचा दरवाजा निराळा होता, दालन तेच.

बुद्धिबळपटू डावाच्या आरंभाला ‘पुस्तक’ म्हणतात. पहिल्या दहा-पंधरा खेळ्या पुस्तकातल्या असतात. कोणी ‘पुस्तकाबाहेर’ गेला की खरा डाव सुरू झाला असे मानतात. आम्हां पुस्तकी माणसांना हा शब्दप्रयोग फार आवडला. अर्थात या पुस्तकाचा कोणी एक कर्ता नाही. शे-दीडशे वर्षांत हजारो खेळाडूंनी आपापल्या डावांतून त्यात ओळी घातल्या, काहींनी खोडल्या, काहींनी समासात टिपा लिहिल्या.

सातव्या खेळीला स्पास्कीने बी-६ खेळले. या बचावाला टार्टाकोव्हरचे नाव आहे. ई-६ वरच्या प्याद्यामुळे काळ्याचा एक उंट घरातच कोंडला जातो; त्याला बाजूच्या खिडकीतून वाट करून द्यावी, हा या खेळीमागचा विचार. पण याच पद्धतीचे लांबलचक नाव घ्यायचे झाले तर टार्टाकोव्हर-माकोगोनोव्ह-बोंडारेव्हस्की असे घेतात, आणि त्यातला बोंडारेव्हस्की हा स्पास्कीचा अनेक वर्षांचा गुरू. १९७२ च्या सामन्याआधी गुरुशिष्य वेगळे झाले होते. तरी पटावर जे मांडले गेले ते गुरूकडून आलेले धन होते. फिशर त्या दिवशी दुसऱ्याच्या घरात शिरला होता, आणि घरमालकाला ज्या खोलीत सर्वांत सुरक्षित वाटते त्याच खोलीत जाऊन बसला होता.

आपल्या शास्त्रचर्चेत ‘पूर्वपक्ष’ नावाची शिस्त आहे. प्रतिपक्षाचे खंडन करण्याआधी त्याचे म्हणणे त्याच्याइतक्याच, किंबहुना त्याच्याहून अधिक नेमकेपणाने मांडायचे, आणि मगच उत्तरपक्षाकडे वळायचे. दुसऱ्या संध्याकाळी दहावी खेळी मांडून झाल्यावर आमच्यापैकी एक म्हणाला, “हा पूर्वपक्ष आहे.” दुसऱ्याने खोडरबराचा उंट उचलून बाजूला ठेवला आणि विषय बदलला. दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती.

*

जानेवारीत एका चर्चासत्रात आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने निबंध वाचला. आता ती दुसऱ्या गावी अध्यापन करते. निबंधाचा विषय होता आम्ही दोघांनी पंधरा वर्षांपूर्वी मिळून लिहिलेला, एका स्त्रीच्या आत्मचरित्रावरचा लेख. त्या लेखाचा सारा डोलारा आत्मचरित्राच्या अखेरच्या प्रकरणातील एका वाक्यावर उभा होता. पुस्तकभर ‘मी’ म्हणणारी निवेदिका तेथे एकदाच ‘आम्ही’ म्हणते. एकटीचा आवाज अनेकींचा होतो. असे आमचे प्रतिपादन. ते आम्ही त्यानंतर प्रत्येक वर्गात शिकवले. तिलाही शिकवले.

तिने पहिली सात-आठ मिनिटे केवळ आमचे म्हणणे मांडले. इतके स्वच्छ मांडले की आमच्या लेखातही ते तसे उतरले नव्हते. मग तिने सांगितले की पहिल्या आवृत्तीत त्या जागी ‘मी’ आहे. ‘आम्ही’ आला तो दुसऱ्या आवृत्तीत, आणि ती लेखिकेच्या मृत्यूनंतर इतरांनी सिद्ध केलेली आहे. दोन्ही पाने तिने पडद्यावर शेजारी शेजारी दाखवली. सभागृह शांत होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी आमच्यापैकी एक उठला आणि त्याने विचारले, “आपण दोन्ही आवृत्त्यांच्या मुद्रणप्रती पडताळल्या आहेत का?” अशा मुद्रणप्रती कोणाकडेच उरलेल्या नसतात, हे आम्हांला ठाऊक होते, तिलाही ठाऊक होते. ती म्हणाली, “नाही, सर.” अध्यक्षांनी पुढचे नाव पुकारले. चहाच्या वेळी ती खिडकीपाशी एकटी कप घेऊन उभी होती. आम्ही दुसऱ्या दाराने बाहेर पडलो.

प्रश्न एकाने विचारला, पण दुसऱ्याने मान डोलावली होती. म्हणून येथे ‘आम्ही’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

*

डावाकडे परत जाऊ, कारण पुढचा भाग त्याच्याविना आम्हांला कळला नसता.

आठव्या ते दहाव्या खेळीत पांढरा प्यादे, उंट आणि घोडा यांची लागोपाठ अदलाबदल करून घेतो. पट मोकळा होतो. कोंडलेल्या उंटाला आता बी-७ च्या खिडकीची गरजच राहत नाही. तो सरळ ई-६ वर येतो. ज्या हेतूने बी-६ खेळले तो हेतूच पांढऱ्याने बोथट केला, आणि ती खेळी मात्र पटावर तशीच राहिली. पुढे पांढरा वजीर ए-३ वर येऊन बसतो. त्याची तिरकी नजर सी-५ वरच्या काळ्या प्याद्यातून आरपार ई-७ वरच्या काळ्या वजिरावर आहे. ते प्यादे आपल्या वाटेवरून ढळू शकत नाही.

चौदावी खेळी: पांढरा उंट बी-५. हा उंट पुढच्याच क्षणी ए-६ वर आलेल्या प्याद्याच्या तोंडात सापडतो, पण प्यादे त्याला खाऊ शकत नाही. खाल्ले तर त्याच्यामागे कोपऱ्यात उभा असलेला हत्ती पांढऱ्या वजिराला मिळतो. तेवढ्या अवधीत पांढरा सी-५ वर मारामारी करून घेतो, निवांतपणे किल्लेकोट करतो आणि काळ्याच्या हत्तीला ए-७ सारख्या अडचणीच्या घरात ढकलूनच उंट मागे घेतो. उंट आला तसा गेला. मात्र जाताना काळ्याच्या घरातले सामान हलवून गेला.

ही खेळी फिशरची स्वतःची नव्हे. १९७० साली फुरमन आणि गेलर यांच्यातील डावात ती येऊन गेली होती. आणि यातला एफिम गेलर रेक्याविकला स्पास्कीचा साहाय्यक म्हणून त्याच्याच बाजूला होता. गेलरने या खेळीवर उतारा शोधला होता: वजीर बी-७ वर न्यायचा, प्यादे सोडून द्यायचे आणि पांढऱ्याचा राजा मध्यभागी अडकवायचा. १९७३ साली हिल्व्हरसम येथे त्याने तो तरुण टिममनविरुद्ध खेळून दाखवला आणि डाव जिंकला. असे सांगितले जाते की हे उत्तर गेलरने सामन्याआधीच स्पास्कीला दाखवले होते. पटावर बसल्यावर त्याला ते आठवले नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही दोन्ही शाखा मांडून पाहिल्या. एकीत स्पास्कीने खेळलेले ए-६, दुसरीत गेलरचे बी-७. दुसऱ्या शाखेत काळा मोकळा श्वास घेतो, हे आमच्यासारख्या नवख्यांनाही दिसले. त्या रात्री आम्ही फार बोललो नाही. दुसऱ्या दिवशी विभागातले कपाट उघडले. त्या आत्मचरित्राची पहिली आवृत्ती तेथेच होती. ती असल्याचे आम्हांला नेहमीच ठाऊक होते. शेवटच्या प्रकरणात, त्याच वाक्याशेजारी, समासात पेन्सिलीची एक बारीक रेघ होती आणि पुढे प्रश्नचिन्ह. अक्षर आमच्यापैकी एकाचे, एम.ए.च्या वर्षातले. लेख लिहिताना दुसऱ्या आवृत्तीची नवी, स्वच्छ प्रत हाताशी होती, तीच वापरली. लबाडी नव्हती. विसर होता. पण चर्चासत्रात त्या मुलीने जे पडद्यावर दाखवले, ते आमच्या कपाटात वीस वर्षे पडून होते.

*

डावाचा उत्तरार्ध आम्ही अधिक सावकाश वाचला.

अठराव्या खेळीला पांढरा घोडा डी-४ वर येतो, थेट सी-५ च्या प्याद्याच्या माऱ्यात. प्यादे त्याला मारू शकत नाही. मारले तर मागचा वजीर उघडा पडतो. स्पास्की वजीर एफ-८ वर नेतो, पण ते घरही त्याच तिरक्या रेषेवर आहे. मग फिशर एक चमत्कारिक गोष्ट करतो: इतक्या दिमाखात आणून बसवलेला घोडा तो काळ्याच्या त्या जुन्या, अडगळीतल्या उंटाबरोबर बदलून टाकतो. आमच्या मामाच्या शिकवणीत अशा घोड्याला जिवापाड जपायचे असते. कारण दोन खेळ्यांत कळते. विसाव्या खेळीला ई-४ येते. काळ्याची मधली प्यादी डळमळतात. स्पास्की डी-४ करून ती घट्ट मिटून घेतो आणि टीकाकारांचा बोट ठेवण्याचा जागा हीच. प्यादे पुढे गेले, पण त्याने सोडलेल्या वाटेवर पांढरा उंट सी-४ वर येऊन बसला आणि तेथून त्याला हुसकावणारे काळ्याकडे काहीही उरले नाही.

यानंतर डावात आरडाओरडा नाही. एफ-४, ई-५, एफ-५. एफ-रेषा उघडते, दोन्ही हत्ती तीवर एकामागे एक उभे राहतात, ई-वरचे प्यादे ई-६ पर्यंत पोहोचते. बत्तिसाव्या खेळीपासून काळ्याचा वजीर ई-८, डी-८, ई-८, डी-८, ई-८ असा दोन घरांत येरझारा घालतो. दुसरे करण्याजोगे काही नाही. समोर फिशर घाई करत नाही. एक प्यादे थोडे पुढे, एक हत्ती थोडा वर, उंट मागे, वजीर मधोमध. आम्ही ही पाच उत्तरे मांडताना दर वेळी काळा वजीर उचलून शेजारच्या घरात ठेवत होतो, आणि जगज्जेत्याच्या हाताला ते कसे वाटले असेल याची थोडी कल्पना येत होती. अडतिसाव्या खेळीला हत्ती देऊन घोडा मारला जातो आणि राजासमोरची भिंत पडते. एकेचाळिसाव्या खेळीला वजीर एफ-४ वर येतो. स्पास्की डाव सोडतो.

मग टाळ्या.

हरणाऱ्याच्या टाळीला आपण सहसा दिलदारी म्हणतो. नऊ संध्याकाळी हा डाव वाचल्यावर आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. दिलदारी दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशीही दाखवता येते. फिशर स्पास्कीच्या घरात, त्याच्या गुरूच्या पद्धतीत, त्याच्याच सहकाऱ्याच्या एका जुन्या डावातली खेळी घेऊन आला होता. आपले सारे वाचन कोणीतरी आपल्याइतक्याच बारकाईने केले आहे, हे त्या क्षणी स्पास्कीइतके त्या सभागृहात कोणाला कळणार होते? प्रेक्षकांनी निकालाला टाळ्या दिल्या असतील. स्पास्कीने वाचकाला दिली, असे आम्ही समजतो. पूर्वपक्ष नीट मांडला गेला याची खूण पूर्वपक्षीच पटवू शकतो. तिने आमचे म्हणणे सात-आठ मिनिटे मांडले तेव्हा ती खूण पटवण्याचे काम आमचे होते, आणि त्या सभागृहात दुसरे कोणीही ते करू शकत नव्हते.

येथे एक शंका कोणीही घेईल, आणि आम्हीही ती घेतली. फिशर हा काही आदरास पात्र माणूस म्हणून उरला नाही. उत्तरायुष्यात त्याने यहुद्यांविषयी जी गरळ ओकली तिचे समर्थन कोणत्याही डावाच्या सौंदर्याने होत नाही. कृती आणि कर्ता यांचा हा वाद आमच्या वर्गांत दरवर्षी होतो व दरवर्षी अनिर्णित राहतो. येथेही तो आम्ही सोडवणार नाही. एवढेच नोंदवतो की २००४ साली फिशर जपानमध्ये स्थानबद्ध असताना स्पास्कीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिले, आणि मलाही पकडून फिशरच्याच कोठडीत ठेवा व आम्हांला बुद्धिबळाचा पट द्या, अशी मागणी केली. ज्याने त्याचे जगज्जेतेपद घेतले त्याच्यासाठी, बत्तीस वर्षांनी.

*

जूनमध्ये महाविद्यालय उघडल्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. ज्या नियतकालिकात तो जुना लेख आला होता त्याच्या संपादकांना अर्ध्या पानाचे टिपण पाठवले: त्या लेखाचा निष्कर्ष ज्या पाठावर उभा आहे तो लेखिकेचा नाही, हे अमुक अभ्यासिकेने दाखवून दिले आहे; पहिली आवृत्ती आमच्याजवळ असूनही आम्ही ती पाहिली नाही. ‘अनवधानाने’ हा शब्द पहिल्या खर्ड्यात होता. दुसऱ्या खर्ड्यात काढला.

दुसरी गोष्ट पत्र. तिला काय लिहावे यावर आमचे दोन दिवस मतभेद झाले. एकाला वाटले, मुद्रणप्रतीच्या प्रश्नाबद्दल स्पष्ट क्षमा मागावी; दुसऱ्याला वाटले, क्षमेने तिच्यावरच आम्हांला समजून घेण्याचा भार पडेल, त्यापेक्षा तिच्या निबंधाविषयीच लिहावे. शेवटी दोन्ही लिहिले, आधी निबंध, मग क्षमा. समासातील पेन्सिलीच्या रेघेचे छायाचित्र जोडले. आणि आमच्या विभागात येऊन तोच निबंध आमच्या विद्यार्थ्यांसमोर पुन्हा वाचण्याची विनंती केली.

आठवड्याने उत्तर आले. येते म्हणाली. छायाचित्रातले अक्षर कोणाचे ते तिने बरोबर ओळखले होते. तिच्या वह्यांवर तेच अक्षर तीन वर्षे पडत होते. खाली एकच ओळ होती: “सर, प्रश्नोत्तरांना वेळ ठेवाल ना? मुद्रणप्रतीविषयी मला आता थोडे सांगता येईल.”

पट अजून जिमखान्यात परत केलेला नाही. चौदाव्या खेळीची स्थिती त्यावर मांडून ठेवली आहे.